रेशमाचा पतंग : तुतीच्या पानावरची अमानत

निकाहाच्या घरात रेशमाचा विषय निघतोच. शालू कोणता घ्यायचा, पैठणी येवल्याची की पैठणची, दुपट्टा अस्सल रेशमाचा आहे की नकली, अशा गप्पा आठवडाभर चालतात. पण हा धागा ज्या जिवाच्या तोंडातून निघतो, त्याच्याविषयी घरात क्वचितच कोणी बोलते. मुलांना विचारले तर ‘रेशमाचा किडा’ एवढेच उत्तर येते. तो किडा नसून एका पतंगाची अळी आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पतंग आपल्याला अनोळखी नाही. उर्दू शायरीतला परवाना तो हाच. पवित्र कुरआनात सूरह अल-कारिआमध्ये कयामतच्या दिवशी सैरावैरा होणाऱ्या माणसांना विखुरलेल्या पतंगांची उपमा दिली आहे. मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाने तर कुरआनात स्वतंत्र सूरह आहेत. अल्लाहने लहान जिवांकडे बोट दाखवून माणसाला विचार करायला लावले आहे. म्हणूनच या महिन्यात आम्ही रेशमाच्या पतंगाची ओळख करून देत आहोत. हा पतंग दिव्यावर झेप घेत नाही, कारण त्याला उडताच येत नाही.

मोहरीएवढे अंडे

या पतंगाचे शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी. ‘मोरी’ हा शब्द तुतीच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला आहे. तुती म्हणजे आपल्या घरांतल्या बोलीत तूत किंवा शहतूत. तुतीचे पान हेच या अळीचे अन्न. मुगा, टसर आणि एरी या रेशमांचे पतंग वेगळे आणि त्यांची झाडेही वेगळी. आपल्या विदर्भात गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर जे टसर होते, त्याची अळी उघड्या जंगलात वाढते. तुतीच्या रेशमाची अळी मात्र माणसाच्या छपराखालीच वाढते.

मादी एका वेळी साधारण चारशे ते पाचशे अंडी घालते. अंडे मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, थोडे चपटे असते. घातले तेव्हा ते पिवळसर असते आणि फळलेले अंडे पुढे करडे होते. एका मादीने घातलेल्या अंड्यांना रेशीम उत्पादक ‘अंडीपुंज’ म्हणतात. योग्य उबेत सुमारे दहा दिवसांनी अंड्यातून अळी बाहेर येते. ती जेमतेम तीन मिलिमीटर लांब, काळसर आणि केसाळ असते. प्रथमच पाहणाऱ्याला ती मुंगीच वाटते.

पंचवीस दिवसांची भूक

पुढचे पंचवीस ते अठ्ठावीस दिवस ही अळी खाते, झोपते, कात टाकते आणि पुन्हा खाते. तिची कातडी शरीराबरोबर ताणली जात नाही, म्हणून चार वेळा कात टाकावी लागते. प्रत्येक वेळी ती जवळजवळ एक दिवस खाणे थांबवते आणि डोके वर उचलून स्तब्ध राहते. त्या वेळी तिला हलवू नये, पाला टाकू नये, पाणी शिंपडू नये. जुनी कातडी सोडून ती बाहेर आली की भूक आणखी वाढलेली असते.

चार काती म्हणजे अळीच्या आयुष्याचे पाच टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांतल्या बाल्य अळ्यांना कोवळी पाने बारीक कापून घालतात. या टप्प्याला ‘चॉकी’ म्हणतात. बरेच शेतकरी चॉकी केंद्रातून दहा दिवसांच्या आसपासच्या अळ्याच विकत आणतात, कारण सुरुवातीची निगा सर्वांत नाजूक असते. पाचव्या टप्प्यात अळी पांढुरकी, गुळगुळीत, सात-आठ सेंटिमीटर लांब आणि बोटाएवढी जाड होते. शेपटीकडे एक छोटे शिंग दिसते. ती जेवढे अन्न आयुष्यभर खाते, त्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक याच शेवटच्या आठवड्यात खाते. संगोपनगृहात हजारो अळ्या एकाच वेळी पाने कुरतडू लागल्या की पत्र्यावर रिमझिम पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

जन्माच्या वेळच्या वजनाच्या सुमारे दहा हजार पट वजन ती चार आठवड्यांत गाठते. शंभर अंडीपुंजांतून चाळीस हजारांच्या आसपास अळ्या निघतात आणि त्यांना जवळपास एक टन पाला लागतो. तो पाला दिवसातून दोन-तीन वेळा कापायचा, वाहायचा आणि रॅकवर पसरायचा. हे काम बहुतेक घरांत बायाच करतात. शेवटच्या आठवड्यात घरातले लग्न असो वा सण, कोणीतरी अळ्यांजवळ थांबतेच.

धागा आणि कोष

खाणे पूर्ण झाले की अळीचा रंग पारदर्शक पिवळसर होतो आणि ती डोके हलवत आधार शोधू लागते. तेव्हा तिला ‘चंद्रिके’वर सोडतात. पूर्वी चंद्रिका बांबूची असे, आता प्लास्टिकच्या घड्यांची जाळीही वापरतात. अळीच्या शरीरात रेशमाच्या दोन लांब ग्रंथी असतात. त्यांतला द्रव खालच्या ओठाजवळच्या छिद्रातून बाहेर येतो आणि ओढला जाताना घट्ट होऊन धागा बनतो. धाग्याचा गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा लेप असतो. अळी डोके इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत दोन-तीन दिवस स्वतःभोवती हा धागा गुंडाळते.

एका चांगल्या कोषातला सलग धागा आठशे ते बाराशे मीटर भरतो. म्हणजे शेंगदाण्याएवढ्या कोषात जवळजवळ एक किलोमीटरचा धागा. तरीही एक किलो कच्चे रेशीम मिळवायला साधारण सहा-सात किलो कोष लागतात, म्हणजे साडेतीन-चार हजार अळ्यांची मेहनत. शालूची किंमत ऐकून आपण घासाघीस करतो, तेव्हा हा हिशेब मनात असावा.

न उडणारा, न खाणारा पतंग

कोषात अळी शेवटची कात टाकते आणि तिचा तपकिरी प्युपा होतो. कोष तसाच ठेवला तर दहा-बारा दिवसांनी आतून पतंग तयार होतो. तो तोंडातून एक पाचक द्रव सोडून कोषाचे टोक मऊ करतो आणि बहुधा पहाटे बाहेर येतो. रंग दुधी पांढरा, पंखांवर पुसट तपकिरी रेघा, पंख पसरल्यावर रुंदी चार-पाच सेंटिमीटर, अंग जाड आणि लवदार. डोक्यावर कंगव्यासारख्या दोन शुंडिका असतात. मादीचे पोट अंड्यांनी फुगलेले असते, नर सडपातळ आणि चपळ असतो.

हा पतंग काहीच खात नाही, कारण त्याचे तोंड खाण्यासाठी बनलेलेच नाही. अळी असताना जे साठवले त्यावरच तो पाच-दहा दिवस जगतो. पंख फडफडवतो, पण हवेत उठत नाही. मादी एका जागी बसून एक गंध सोडते आणि नर पंख हलवत, चालत तिच्याकडे जातो. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून हा गंध वेगळा केला आणि १९५९ साली त्याची ओळख पटवली. ‘बॉम्बिकॉल’ नावाचा हा पदार्थ म्हणजे कीटकांच्या गंधसंकेतांपैकी रासायनिक ओळख पटलेला पहिला पदार्थ. आज शेतात अळ्यांच्या बंदोबस्तासाठी जे कामगंध सापळे लावतात, त्यांच्या मागचे शास्त्र इथून सुरू झाले.

त्याला उडता का येत नाही, याचे उत्तर त्याच्या रानटी भावंडात आहे. चीन, कोरिया आणि जपानमध्ये बॉम्बिक्स मँडारिना नावाचा पतंग अजूनही जंगलात सापडतो. तो करडा-तपकिरी आहे, पाल्यात लपतो आणि चांगला उडतो. याच्याच पूर्वजांना चीनमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने घरात आणले. अधिक रेशीम देणाऱ्या आणि जागची न हलणाऱ्या अळ्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या. रंग गेला, उडणे गेले, लपण्याची सवयही गेली. आजची अळी पान संपले तर दुसरे झाड शोधायला जात नाही. पाला पडेल याची वाट पाहत ती तिथेच थांबते. गाय किंवा शेळी मोकळी सोडली तर चरून जगेल. तुतीच्या रेशमाचा हा पतंग आज कुठल्याही जंगलात स्वतंत्रपणे राहत नाही.

माणूस जिथे, तिथे पतंग

त्यामुळे या पतंगाचा प्रदेश म्हणजे माणसांनी त्याला जिथे जिथे नेले तो प्रदेश. चीनने हे ज्ञान शतकानुशतके जपले. इ.स. ५५२ च्या सुमारास काही धर्मोपदेशकांनी त्याची अंडी बायझंटाइन सम्राट जस्टिनियनकडे पोहोचवली, असे त्या काळचे इतिहासकार सांगतात. पुढे मुसलमानांनी तुती आणि रेशीमपालन सिसिली आणि अंदलुसपर्यंत नेले. अंदलुसमधले अल्मेरिया शहर रेशमी कापडासाठी दूरवर नावाजले होते. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात सुलतान बायझीद दुसरे यांनी १४९१ साली बांधलेली ‘कोझा हान’ ही सराय आजही उभी आहे. तिथल्या बोलीत कोझा म्हणजे कोष. आजही तिथे रेशमी कापडाची दुकाने आहेत.

हिंदुस्थानात बंगालमध्ये रेशीम जुने आहे. म्हैसूर भागात त्याचा पाया घातला तो टिपू सुलतानने. १७८० च्या दशकात त्याने बंगालमधून अळ्या आणि त्या सांभाळण्याची माहिती मिळवण्यासाठी माणसे पाठवली. आज देशात रेशीम उत्पादनात कर्नाटकच पुढे आहे आणि रामनगरचा कोष बाजार सर्वांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात रेशीम संचालनालय १९९७ साली स्वतंत्र झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. मराठवाड्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड वाढली. पूर्वी कोष घेऊन शेतकऱ्याला रामनगर गाठावे लागे. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली आणि तो लांबचा प्रवास अनेकांचा वाचला. कमी पाण्यावर तुती तग धरते, वर्षातून चार-पाच पिके घेता येतात आणि महिन्याभरात पैसा हाती येतो. एक-दोन एकर जमीन असलेल्या कुटुंबासाठी ही हलाल रोजीची चांगली वाट आहे. मनरेगातून तुती लागवडीला मदतही मिळत आली आहे.

एका फवारणीत सारे पीक

पण जो जीव पळू शकत नाही, त्याचे संकटही मोठे असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ‘पेब्रिन’ रोगाने रेशीमपालन बुडू लागले. १८६५ साली सरकारने लुई पाश्चर यांना तिकडे पाठवले. रोग मादीकडून अंड्यांत उतरतो हे त्यांनी दाखवले. उपाय असा की मादीने अंडी घातली की तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची आणि रोग दिसला तर तिची सारी अंडी नष्ट करायची. आजही आपल्याकडे रोगमुक्त अंडीपुंज याच तत्त्वावर तयार होतात. म्हणूनच अंडी नेहमी मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावीत.

दुसरा शत्रू उझी माशी. ती अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. दारे-खिडक्यांना बारीक जाळी हा तिच्यावरचा साधा उपाय.

तिसरा शत्रू शेजारच्या बांधावरून येतो. कपाशी, तूर किंवा सोयाबीनवर कीटकनाशक फवारले आणि वारा तुतीकडे असला, तर विष पानांवर बसते. पाने हिरवीच दिसतात. ती खाल्ल्यावर अळ्या डोके झटकतात, तोंडातून हिरवा द्रव टाकतात आणि काही तासांत मरतात. मराठवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरी अळ्या पाचव्या टप्प्यात असताना असेच झाले. कोष व्हायला तीन-चार दिवस राहिले होते. त्या घरातल्या बाई आम्हाला म्हणाल्या, “सर, नुसकानीचं दुःख हाएच, पर रात्री झोपाय गेलं तर कानाला त्यो पाल्याचा आवाज येत न्हाई, त्येचं लई वाटतं.” फवारणी करणारा माणूस वाईट नव्हता. पलीकडे अळ्या आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

शेजाऱ्याच्या हक्कावर हजरत जिब्रील (अलै.) यांनी इतका भर दिला की शेजाऱ्याला वारसच ठरवले जाईल की काय, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना वाटू लागले, असे बुखारी आणि मुस्लिममधील हदीसमध्ये आले आहे. शेतकरी बांधवांसाठी हा हक्क फार सोपा आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी तुतीवाल्या शेजाऱ्याला सांगावे. वारा त्याच्या शेताकडे असेल तर थांबावे. तुती लावणाऱ्यानेही अळ्या आणल्या की चारही बांधांवरच्या शेजाऱ्यांना निरोप द्यावा. फवारणीचा पंप तुतीच्या पाण्यात धुऊ नये, फवारणीच्या कपड्यांनी संगोपनगृहात शिरू नये, तिथे तंबाखू आणि मच्छर अगरबत्ती नको. हात-पाय धुऊन आत जाण्याची शिस्त आपल्या घरांना वेगळी शिकवावी लागू नये.

जायज काय, जबाबदारी काय

वाचक भगिनी हमखास विचारतील की धाग्यासाठी कोषातला जीव मारावा लागतो, ते कसे? पतंग बाहेर आला की कोषाला भोक पडते आणि सलग धागा मिळत नाही. म्हणून कोष वाफेवर किंवा गरम हवेत वाळवतात. शरीअतमध्ये अस्सल रेशीम पुरुषांना मना आणि स्त्रियांना जायज आहे, आणि त्याचा व्यापारही उलमांनी जायज मानला आहे. खाज सुटत असल्यामुळे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत झुबैर (रजि.) यांना प्रेषितांनी (सल्ल.) रेशमाची सवलत दिली होती. आपल्या दख्खनचे ‘मशरू’ कापड याच मर्यादेतून आले. मशरू म्हणजे शरीअतने परवानगी दिलेले. त्यात अंगाला सूत लागते आणि रेशीम वरच्या बाजूला राहते. ज्यांचे मन कोष वाळवण्याला तयार होत नाही, त्यांच्यासाठी एरी रेशीम आहे. त्याचा कोष एका टोकाला उघडा असल्याने पतंग निघून गेल्यावर सूत कातता येते.

मात्र परवानगी आहे म्हणून बेपर्वाई जायज होत नाही. प्रत्येक गोष्ट, अगदी जनावर जिबह करणेही, चांगल्या रीतीने करण्याचा हुकूम आहे. आणि मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकली आहे. तिने मांजरीला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे काही शोधून खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून तिला अजाब झाला. रेशमाच्या अळीला तर आपण हजारो वर्षांपूर्वीच बांधले आहे. दोरी दिसत नाही एवढेच. तिला मोकळे सोडले तरी ती शोधून खाऊ शकत नाही. म्हणून ती आपल्या हातातली अमानत आहे. वेळेवर पाला, स्वच्छ जागा, निरोगी अंडी आणि विषाविना हवा हे तिचे हक्क आहेत.

घरच्यांसाठी थोडे

रेशीम खरेदी करताना केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले ‘सिल्क मार्क’ लेबल पाहावे. घरी एक-दोन सुटे धागे जाळूनही पाहता येते. अस्सल रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. नकली धागा वितळतो आणि कडक गोळी होते.

मुलांना हे जीवनचक्र डोळ्यांनी दाखवणे फार चांगले. आमच्या शाळेत बुटांच्या खोक्यात वीस अळ्या वाढवल्या, तेव्हा गणितात मागे असणारी मुलेही रोज त्यांची लांबी मोजून वहीत मांडू लागली. खोक्याला भोके पाडावीत, पाने धुऊन कोरडी करून घालावीत, घाण रोज काढावी, मुंग्यांपासून जपावे. उन्हात ठेवू नये. कोष झाल्यावर एखाद-दुसरा तसाच ठेवून पतंग बाहेर येताना मुलांना पाहू द्यावा.

पण क्रम चुकवू नये. आधी चालत जाता येईल अशा अंतरावर तुतीचे झाड शोधावे, त्यावर कोणी औषध मारत नाही ना हे विचारून घ्यावे, सुट्टीच्या दिवशी पाला कोण आणणार ते ठरवावे. हे सारे ठरले की मगच अळ्या घरी आणाव्यात.